चौथा रकाना

अन्याय झाला तो चामराजपेटेतल्या एका म्हाताऱ्या छपाईवाल्यावर. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, त्यांच्याच प्रेसमध्ये, दोन गिऱ्हाइकांच्या देखत. अन्याय करणारी मी.

पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हाच होता: कुणावर अन्याय झाला आणि कधी, ते पहिल्या ओळीत सांगा, पाल्हाळ नको. आजवर ती ओळ मी महापालिका, बिल्डर, कंत्राटदार यांच्या नावानं लिहिली. ही पहिली माझ्या नावानं.

त्यांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. मीही म्हणायचे. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीला कन्नडचा पाया आणि वर जुन्या मराठीची माडी. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली आणि नोकरी सोडून चळवळीत पडलेली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अर्जंट आहे, प्लीज आजच्या आज करून द्या." ते म्हणाले, "स्वल्प बस की. अर्जंटला खुर्ची लागत नाही काय?" आणि खुर्ची पुसून पुढे सरकवली.

प्रेस म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक लांबोडकी खोली. मागे एक ऑफसेट मशीन, पुढे एक जुनं, पायानं चालवायचं ट्रेडल, आणि मध्ये अण्णा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि नखांत चाळीस-पन्नास वर्षांची शाई. लग्नपत्रिका, उदबत्तीची पाकिटं, लोणच्याची लेबलं, औषधी तेलाच्या बाटल्यांवरचे कागद. पेठेतला सगळा बारीकसारीक माल त्यांच्याकडून अंगरखा घालून बाहेर पडायचा.

आणि कुठलाही माल पाहिल्याशिवाय ते त्याचं लेबल छापत नसत. पाहिल्याशिवाय म्हणजे चाखल्याशिवाय, हुंगल्याशिवाय, लावल्याशिवाय. उदबत्तीवाला आला की प्रेसमध्ये काडी पेटायची, आणि ती संपेपर्यंत गिऱ्हाइकानं बसायचं, कारण पाकिटावर 'पाऊण तास' लिहायचंय. एकदा कुत्र्यांच्या बिस्किटांचं काम आलं. मालकाला 'चविष्ट' हा शब्द हवा होता. अण्णांनी एक बिस्किट उचललं, शांतपणे चावलं, वर अर्धी कॉफी प्याले आणि म्हणाले, "मला नाही आवडलं. तुझा कुत्रा घेऊन ये, त्याला विचारू." दुसऱ्या दिवशी कुत्रा आला. कुत्र्याला आवडलं. शब्द छापला गेला.

कॉफी नेहमी अर्धीच. समोरच्या हॉटेलातून 'बाय-टू' यायची, एका कॉफीचे दोन पेले. दुसरा पेला समोर जो कोणी असेल त्याचा. कोणी नसलं तर ते दाराशी उभे राहून माणूस शोधायचे. पोस्टमन, ऑटोवाला, वाट चुकलेली मी. "एकट्यानं पूर्ण कॉफी पिणारा माणूस खोटं बोलायला शिकतो," असं त्यांचं एक वाक्य होतं. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण एकटीनं कॉफी पिताना आठवतं खरं.

आता जॉब कार्ड. प्रत्येक प्रेसमध्ये असतं. नाव, माप, नग. अण्णांच्या कार्डावर चौथा रकाना होता, त्यांनी स्वतः आखलेला. 'माल काय करतो?' तो गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं भरायचा, खाली सही करायची, मगच मशीनला हात. लोक वैतागायचे. "अण्णा, तेल आहे, अजून काय करणार?" "लिही की. डोक्याला लावतात, की गुडघ्याला, की दिव्यात घालतात?" मग ते पहिला रकाना आणि चौथा रकाना एकमेकांशेजारी धरून वाचायचे, मोठ्यानं. जुळले तर "सरी", म्हणजे ठीक. नाही जुळले तर कार्ड कपाटात, लाल दोऱ्यानं बांधलेल्या गठ्ठ्यात. त्या गठ्ठ्याचं नाव 'न छापलेले'.

त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक जुना ब्लॉक ठेवलेला असे. लाकडावर ठोकलेला धातूचा तुकडा, उलटी अक्षरं. वर्षभर मी त्याच्याशेजारी बाय-टू प्याले. काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. उलटी अक्षरं वाचायला वेळ कुणाला होता.

मला कशाला वेळ होता ते सांगते. पेठेतल्या एका मुलींच्या पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजसमोर स्टेशनरीचं दुकान होतं. काचेत वह्या, कंपास, हायलायटर, आणि त्यांच्या शेजारी गुलाबी, पोपटी, आकाशी रंगाची जाडसर पेनं. लिहायची नव्हेत. एक मुलगी आमच्या बैठकीला आली, बारावीची, कॉलेजच्या थ्रोबॉल संघातली. बैठक संपल्यावर मागे थांबली आणि एक पेन माझ्या हातात ठेवून म्हणाली, "अक्का, हे तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडून सुटत नाही. आता दोन गेममध्येच दम लागतो. मी टाकून देते आणि संध्याकाळी दुसरं घेते, कारण दुकान बस स्टॉपवरच आहे. ते दुकानातून घालवा ना."

एवढंच मागणं होतं तिचं. लेक्चर नको, समुपदेशन नको. बस स्टॉपवरून ती वस्तू हटवा.

ई-सिगारेटवर देशभर बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, सोपं आहे. आधी पत्रक, मग तक्रार, मग धाड. पत्रक लिहून त्या मंगळवारी प्रेसमध्ये गेले. पुढच्या बाजूला कन्नड, मागे मराठी. मथळा: 'वाफेच्या पेनांपासून मुलींना वाचवा'.

अण्णांनी कार्ड पुढे केलं. मी भरलं. चौथ्या रकान्यात, पत्रक काय करतं, तिथे लिहिलं: 'जागृती'.

त्यांनी लाल पेन्सिलीनं त्यावर आडवी रेघ मारली.

"अण्णा!"

"जागृती करून काय करतं?"

"लोक जागे होतात."

"जागे होऊन?"

"म्हणजे... जागरूक."

"जागा झालेला माणूस दात घासतो, कॉफी पितो, कामाला जातो. तुझं पत्रक वाचून यातलं वेगळं काय करायचं त्यानं? ते लिही. मागच्या वेळी लिहिलं होतंस की, कचऱ्याच्या गाडीसाठी कुणाला फोन करायचा ते."

बाकावर लग्नपत्रिकावाले बापलेक बसले होते, ते हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, "ते नंतर बघू, आधी मजकूर बघा."

मजकूर पाहून त्यांनी माल मागितला. मी मुलीचं पेन दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बारीक पकड घेतली आणि पाच मिनिटांत त्याची आतडी वर्तमानपत्रावर मांडली. बॅटरी. तारेचं इवलं वेटोळं. गोडूस वासाच्या तेलकट पाण्यात भिजलेला कापूस.

"ही तार तापते. हा रस तापतो. त्याचे बारीक थेंब ओढायचे छातीत. पाणी कुठं आहे? नोडम्मा, बघ की, पाण्याविना वाफ कुठली? वाफ इडलीपात्रात. हा शब्द मी छापत नाही."

"अण्णा, मुली व्हेप म्हणतात. व्हेप म्हणजे वाफ. आम्हाला मुलींच्या भाषेत बोलायचंय."

"मुलींच्या, की विकणाऱ्याच्या?"

मी आवाज वाढवला. "मग काय लिहू? 'तेलकट रसाचे थेंब ओढण्याचे विद्युत यंत्र'? वाचेल का कुणी?"

"लांब होतं. पण खरं होतं."

"तुमच्या खऱ्याखोट्याच्या हट्टापायी तिकडे मुली मरतायत! तुमची पिढी शब्द चघळत बसली म्हणूनच आमच्यावर ही वेळ आली. तुम्हाला मशीन चालवायला ठेवलंय, मास्तरकी करायला नाही."

हे मी बोलले. शब्द न शब्द असाच. बाकावरचे बापलेक आता हसत नव्हते.

अण्णांनी पेन पुन्हा जुळवलं. सगळे भाग जागच्या जागी. माझे कागद नीट घडी करून परत दिले. "सरी," म्हणाले. मग उठले, कपाटाकडे वळले आणि म्हणाले, "स्वल्प थांब. तुला एक कार्ड दाखवतो."

मी थांबले नाही. सव्वाअकराला मी त्यांच्या पायरीवरून उतरले. समोरून बाय-टू घेऊन येणाऱ्या माणसाला धक्का लागला, आणि दुसरा पेला, माझा, सांडला.

पत्रक इंदिरानगरला छापलं. काचेचं दार, एसी, 'फाईल मेल करा मॅम'. तासाभरात चार रंगांत हातात. कुणी काही विचारलं नाही. किती सुटसुटीत वाटलं होतं मला!

कॉलेजच्या दाराशी आम्ही ते वाटलं. एका मुलीची आई थांबली, वाचलं, आणि तिचा चेहरा सैल झाला. "वाफेचं आहे होय? मी म्हटलं सिगारेट ओढते की काय. आमच्यात सर्दी झाली की सगळेच घेतात वाफ." पत्रक घडी करून तिनं पर्समध्ये ठेवलं. मी तिला हाक मारून समजावलं, पण ती बसच्या घाईत होती, आणि अशा किती आया न थांबता गेल्या असतील याचा हिशेब कोण देणार? दुसऱ्या दिवशी दुकानदारानं आमचंच पत्रक काचेला आतून चिकटवलं होतं. पेनांच्या खोक्यांवर परदेशी अक्षरं झाकणारे नवे स्टिकर आले होते: 'सुगंध पेन. हर्बल.'

तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथले सब-इन्स्पेक्टर सभ्य होते, म्हणजे ओरडले नाहीत. खोकं उलटसुलट करून म्हणाले, "सिगारेट म्हणून कुठं लिहिलंय, दाखवा."

"सर, तीच वस्तू आहे."

"दुकानदार म्हणतो, खोलीत सुवास पसरवायचं यंत्र आहे. तुम्ही तुमच्या पत्रकात म्हणता, वाफ. बंदी ई-सिगारेटवर आहे. दोघांपैकी कुणीच सिगारेट म्हणेना. मी काय म्हणू?"

मी कायद्याचं नाव ऐकवलं. ते म्हणाले, "नाव मलाही माहीत आहे, मॅडम." तक्रार त्यांनी ठेवून घेतली. ठेवून घेतली म्हणजे ठेवली.

दिवाळी गेली. नाताळ गेला. मी अर्ज, स्मरणपत्र, ट्वीट, सगळं केलं. मुलगी मध्ये एकदा भेटली. संघातून तिनं स्वतःच नाव काढून घेतलं होतं. "अक्का, दुकान आहेच अजून," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी प्रेसमध्ये गेले. अण्णांनी खुर्ची पुसून पुढे केली. बाय-टू आली. "एळ्ळु-बेल्ला घे," म्हणून त्यांनी तीळगुळाचा कन्नड भाऊ, तीळ-गूळ-खोबऱ्याची पुडी, पुढे सरकवली. मी माफी मागायची वाक्यं रस्ताभर पाठ केली होती. त्याऐवजी टेबलावरचा ब्लॉक हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटी अक्षरं वाचली. दंतमंजन.

"तो मी जुळवलेला," अण्णा म्हणाले. "वीस-बावीस वर्षांचा होतो. बेळगावकडचं गिऱ्हाईक, म्हणून मराठीत. पावडरीत तंबाखू होता. मला कळलं होतं, वास येत होता की. पण त्यानं सांगितलं दंतमंजन, मी लावलं दंतमंजन. खूष होऊन दोन डझन डब्या देऊन गेला. घरी नेल्या."

मशीन बंद होतं. रस्त्यावर एक ऑटो उगाच हॉर्न वाजवत होता.

"ही दिवसातून चारदा दात घासायची. मी चारचौघांत सांगायचो, आमची बायको फार स्वच्छ आहे म्हणून. डब्या संपल्या, मग विकत आणायला लागली. शेवटी जबड्याचा हा भाग काढला डॉक्टरांनी." त्यांनी स्वतःच्या गालावर शाईचं बोट ठेवलं. "डबीवर तंबाखू लिहिलेलं असतं तर हिनं चिमट्यानंही धरली नसती. ती माझ्या वडलांच्या तपकिरीला नाक मुरडायची."

एवढंच. रडले नाहीत, उसासा टाकला नाही. कॉफी संपवली, कपाट उघडलं, लाल दोऱ्याचा गठ्ठा काढला, आणि त्यातलं वरून सातवं-आठवं कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

नाव: सुगंध पेन. माप: खोक्यावर चिकटवायचा स्टिकर. आणि चौथ्या रकान्यात, दुकानदाराच्या हातच्या कन्नड अक्षरांत: बॅटरीनं आतला रस तापतो, तोंडानं ओढायचा, निरनिराळ्या स्वादांत. खाली सही, दुकानाचा शिक्का, तारीख. माझ्या त्या मंगळवारच्या सहा दिवस आधीची.

"पहिला आणि चौथा जुळेना," अण्णा म्हणाले. "म्हणून छापलं नाही. हेच दाखवणार होतो तुला."

मी विचारलं, मग नंतर का नाही कळवलंत? फोन होता, माझा पत्ता होता.

"दुसरा पेला तुझा म्हणून रोज दाराकडे बघत होतो की," ते म्हणाले. मग लाल दोरा गुंडाळत, "माझंही चुकलं. तुझ्या बोलण्याचा राग धरून बसलो. त्यात कुणाची तरी पोर आहे हे विसरलो."

तेव्हा मला माफी मागता आली.

दुसऱ्या दिवशी ऑटोनं आम्ही ठाण्यात गेलो. अण्णांच्या शर्टाला ताजी इस्त्री, काखेत पिशवी, पिशवीत कार्ड आणि कायद्याची प्रत, जी त्यांनी मला आदल्या संध्याकाळी ओळीओळीनं मोठ्यानं वाचायला लावली होती. "तू कायद्याचं नाव वाचलंस," ते म्हणाले होते, "त्याचं पोट वाचलं नाहीस." आणि खरंच, पोटात सगळं होतं. पदार्थ तापवून ओढण्याजोगे थेंब तयार करणारं विद्युत उपकरण, निकोटीन असो वा नसो, आकार कुठलाही, नाव कुठलंही. कायदा करणाऱ्यांनीही चौथा रकाना आखून ठेवला होता! चळवळीत असून मी पाटी वाचून परत आले होते. कायद्याचं कलम न वाचता कायद्यासाठी भांडणं ही आमच्या लोकांची खास सवय आहे, माझ्यासकट.

सब-इन्स्पेक्टरनी कार्ड वाचलं. कलम वाचलं. पुन्हा कार्ड.

"ही सही त्याचीच?"

"माझ्या टेबलावर केली, स्वामी. माझ्याच पेनानं. ते लिहायचं पेन होतं," अण्णा म्हणाले.

सब-इन्स्पेक्टरना हसू आलं, आणि त्यांनी टोपी उचलली. दुपारी दुकानातून तीन खोकी माल बाहेर आला. वह्या आणि कंपास राहिले. काचेवरचं माझं पत्रक मी स्वतः नखांनी खरवडून काढलं. अर्धं निघालं, अर्धं राहिलं.

मुलीचं सांगायचं तर, सवय एका दिवसात गेली नाही. सरकारी दवाखान्यात व्यसन सोडवायला मदत करतात, तिथे तिची आई तिला घेऊन गेली. मध्ये एकदा घसरली, पुन्हा सावरली. थ्रोबॉलचं ते वर्ष मात्र गेलं. दिवाळी ते संक्रांत, हे दोन-अडीच महिने तिचे मी घालवले. कुठल्याही कंपनीनं नाही. मी, पायरीवरून उतरून.

अण्णांनी पुढच्या वर्षी प्रेस बंद केली आणि विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीला आपल्या लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला जायचे. द्राक्षांचे मळे जाऊन प्लॉट पडलेले, प्रत्येक प्लॉटवर एक पाटी, आणि अण्णा संध्याकाळी फिरताना त्या वाचून दाखवायचे: "'लेक व्ह्यू'. लेक कुठंय? विचार त्यांना, विचार की." डोक्यावरून विमान गेलं की वाक्य अर्ध्यावर थांबवायचे आणि आवाज विरल्यावर तिथूनच उचलायचे. बाय-टू तिथे मिळत नव्हती. लेकीला ते एकाच कॉफीचे दोन कप करायला लावायचे. तिला वाटायचं, म्हातारपणाचा चिक्कूपणा. मी गेले की दुसरा कप माझा असायचा.

ते गेले तेव्हा मी शहराबाहेर होते. महिन्याभरानं त्यांच्या मुलीनं बोलावून लाल दोऱ्याचा गठ्ठा आणि दंतमंजनाचा ब्लॉक दिला. "तुझ्यासाठी म्हणाले होते." प्रेसच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गठ्ठा माझ्या टेबलावर आहे, त्यावर कागद उडू नयेत म्हणून तो ब्लॉक.

सगळ्यात वरचं कार्ड माझं आहे. नाव: पत्रक. चौथ्या रकान्यात 'जागृती', त्यावर लाल रेघ, आणि खाली रिकामी जागा. त्यांनी ती भरली नाही. माझं काम होतं ते.

ती पेनं पुन्हा आली आहेत. बस स्टॉपवर नाही, पण आली आहेत. आता कुणी मूड स्टिक म्हणतं, कुणी श्वासाचं खेळणं, कुणी हर्बल इनहेलर. उद्या आणखी काही म्हणतील. नावं विकणाऱ्याकडे पुष्कळ आहेत, आणि आपण ती उचलून त्याचं काम फुकट करतो. म्हणून तो रकाना मी आज भरते, आणि हे लिखाण काय करतं ते सांगते. तुम्हाला उठवून दुकानात पाठवतं.

तुमच्या मुलीच्या कॉलेजसमोरच्या दुकानात जा. रंगीत पेन काचेत दिसलं की ते हातात घ्या. खोक्यावरचं नाव वाचू नका, विकणाऱ्याला विचारा: हे काय करतं? तो जे म्हणेल ते त्याच्यासमोर कागदावर लिहा, तारीख आणि वेळ टाका, खाली सही करा. 'तापतं' आणि 'ओढायचं' हे दोन शब्द आले, की तो कागद त्याच दिवशी पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.